दोन सुतांचं भांडण

मौला, उद्या तुझा चाळीसवा. तुझ्या घरी सगळे जमतील, फातेहा होईल, जेवणं होतील, आणि जो तो म्हणेल, मौलाभाई लई गरीब स्वभावाचा माणूस, कधी कुणाशी वाकडं बोलला नाही. मीही तिथं बसलेलो असेन. पण मान डोलावणार नाही, हे आजच सांगून ठेवतो. वाकडं बोलला नाही म्हणे! वीस वर्षं माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, माझ्याच कामाला नावं ठेवणारा माणूस गरीब स्वभावाचा कसा?

तुझी शबाना म्हणाली, "काका, अब्बांवर चार ओळी लिहा. आमच्या शाळेच्या अंकात छापते." मी म्हटलं, चार ओळीत तुझा बाप मावत न्हाई. माझं शिक्षण चौथी, तेही अर्धं. तू म्हणायचास, "मिस्त्री, तुझं अक्षर म्हणजे करवतीचे दात." असू दे. हे मी कानामागच्या चपट्या पेन्सिलनंच लिहितोय. धाराशिवच्या तिच्या शाळेतली माणसं तुला ओळखत नाहीत, म्हणून तुला तोंडपाठ असलेलंही मला सांगावं लागणार. गुमान ऐक. तसंही शेवटची पाच-सहा वर्षं तुला धड ऐकू येत नव्हतं, पण ऐकल्यासारखं तोंड करायला तुला बरं जमायचं.

लिहायचं कारण एकच. आपलं भांडण अर्धं राहिलंय. अर्धं काम टाकून उठायची सवय तुझी, माझी नाही.

तू पिंजारी, मी सुतार. तेर गावात एकाच बोळात दोघांची घरं. तुझ्या पिंजणाच्या आवाजावर माझी करवत चालायची. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं धनुष्यच. त्याला आतड्याची तात ताणलेली, तिच्यावर लाकडी ठोकळा हाणला की कापूस धुक्यासारखा उडायचा आणि तुझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. पिंजणाचा दांडा मीच करून दिला होता. मग दुकानातून तयार गाद्या यायला लागल्या, तुझं पिंजण आढ्याला टांगलं गेलं, आणि माझ्या दारा-खिडक्यांची जागा लोखंडानं घेतली. दोघं रिकामे. तेव्हा शबाना धाराशिवला कॉलेजात होती आणि तिथं तिला तिरंदाजीचा नाद लागला. एक दिवस तिची बांबूची कमान मोडली. तू ते दोन तुकडे कापडात गुंडाळून, मेलेलं पाखरू आणावं तसे माझ्याकडे घेऊन आलास.

"मिस्त्री, हे बनवायचं."

"म्या दारं करतो, मौला. हे देवळातल्या चित्रातलं काम हाय."

"माझं पिंजण कुणी केलं? तूच ना? मग तेच बारीक कर. त्यात काय शिकायचं?"

काय शिकायचं ते आपल्याला तीन कमानी मोडल्यावर कळलं. पहिली बाभळीची, ती दोरी ओढता ओढताच तडकली. दुसरी माझ्या घाईनं गेली, तिसरी तुझ्या. चौथीला धामणीचं लाकूड सापडलं. तुळजापूरच्या घाटाखाली एका बांधावर वाऱ्यानं पडलेलं झाड होतं, मालक जळणाला तोडत होता. तू त्याच्या हातातली कुऱ्हाड धरलीस. नंतर तो सगळ्यांना सांगत फिरायचा, एक म्हातारा लाकडासाठी रडला म्हणून. तू तेव्हा म्हातारा नव्हतास आणि रडलाही नव्हतास. धूळ गेली होती डोळ्यात. मी साक्षीला होतो. ती कमान टिकली, आणि मग तिरंदाजी करणारी बाकीची पोरंही आपल्याकडंच कमानी मागायला लागली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमान तासणं अवघड नाही. वाकस आणि रंधा धरता येणारा कुणीही तासेल. खरं काम त्याच्यापुढं असतं. कमानीला मधे मूठ, वर एक हात, खाली एक हात. दोरी ओढली की दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत, आणि नुसते सारखे नाही, मुठीपासून टोकापर्यंत एका वळणात. कुठं एक बोटभर जागा ताठ राहिली की बाकीच्या लाकडावर भार येतो. कुठं एक जागा जास्त मऊ झाली की कमान तिथंच मोडते. आणि लाकूड खरवडून काढता येतं, परत लावता येत नाही. एक जागा अशक्त झाली तर बाकीची अख्खी कमान तिच्याएवढी अशक्त करत आणावी लागते, तेव्हा ती जगते. तेवढ्यासाठी आपण दिवस दिवस घालवायचो.

माझ्या अंगणातल्या लिंबाच्या खोडाला खुंटी ठोकली होती. खुंटीवर कमानीची मूठ टेकवायची, दोरीला गळ अडकवायचा, खाली जुन्या विहिरीची कप्पी, कप्पीतून दोर. दोर तू ओढायचास. मी दहा पावलं मागं जाऊन एक डोळा मिटून बघायचो. "थांब. सोड. परत ओढ. वरच्या हाताला मधे ताठ हाय." मग मी पेन्सिलनं खूण करायचो, चार-पाच वेळा पटाशी हलकी फिरवायचो, तू वीस-तीस वेळा दोर ओढून सोडून लाकडाला सवय लावायचास, आणि परत बघणं. तू दोर ओढताना काहीतरी गुणगुणायचास. सूर बरा नव्हता. तेव्हाही सांगितलं होतं.

इथवर आपलं एकमत. भांडण होतं ते शेवटच्या दोन सुतांवरनं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या कामात त्याच्या खाली कुणी बघत नाही. कमान होत आली की दोरी चढवायची आणि मुठीपासून सारख्या अंतरावर, वर एकदा आणि खाली एकदा, दोरीपासून लाकडापर्यंत पट्टी लावायची. माझं म्हणणं, दोन्हीकडं माप एक आलं पाहिजे. केसाचाही फरक नको. तुझं म्हणणं, वरच्या बाजूला दोन सूत जास्त पाहिजे. म्हणजे वरचा हात जरा मऊ, खालचा जरा ताठ.

"का?" मी विचारायचो.

"कारण तिला तसं पाहिजे."

"तिला म्हंजे?"

"कमानीला. आवाज ऐक ना तिचा."

मग तुझा तो खेळ. कमानीचं वरचं टोक दातात धरायचं, डोळे मिटायचे आणि बोटानं दोरी छेडायची. कान चांगले होते तेव्हाही तू हेच करायचास. म्हणायचास, पिंजाऱ्याचा कान दातात असतो. बोळातल्या बायका हसायच्या, मौलाभाई कमान खातोय म्हणून. तू मात्र मिनिटभर तसाच. मग टोक सोडून म्हणायचास, "दोघं भांडतेत. खालचा मागं राहतो."

"काय ऐकू येतं तुला? मला सांग की."

"तुला सांगून काय करू? आंधळ्याला रंग?"

म्हणजे मी आंधळा! ज्याच्या चौकटीत अजून एक दार अडत नाही तो आंधळा. मी ओळंबा काढायचो, गुण्या काढायचो, तुझ्या नाकासमोर पट्टी नाचवायचो. "चौकट दोन सूत वाकडी केली तर दार लागल का?"

"दार उभं असतंय, मिस्त्री. कमान माणसाच्या हातात असती. तुझे दोन हात सारखे हायत का? एक वाकस धरतो, एक लाकूड धरतो. दोघांना एकच काम लावून बघ, बोटं जातील."

"बापानं शिकवलंय, सारखं म्हंजे सारखं."

"तुझा बाप तीर मारत होता व्हय?"

बापावर आलास की मी उठायचो. तू चहा संपवायचास. माझी घरवाली यमुना आतनं म्हणायची, "झालं का दोघांचं? का अजून एक कप टाकू?" आणि दुसऱ्या दिवशी तू परत हजर. शेवटी ठरलं ते असं. लाकूड माझं, दोरी तुझी. मी सारखं माप काढून कमान तुझ्या हातात द्यायची, तू घरी नेऊन दोरा वळायचा, मेण लावायचं, चढवायचा आणि ज्याची त्याला पोहोचवायची. मी जिंकलो असं मी समजलो. तू गप्प बसलास, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. काम एकदा हातावेगळं केलं की त्याला परत पट्टी लावायची नाही. दार दिलं, दिलं. परत मापायला जाणं म्हणजे आपल्याच हातावर शंका घेणं. माझ्या बापानं उभ्या जन्मात दिलेलं काम परत मापलं नाही, मीही नाही. तुला ही रीत ठाऊक होती. सगळ्या गावाला होती, पण तिचा उपयोग करून घेणारा तू एकटा निघालास.

आता शेवटच्या दिवसाचं. शबानाची जुनी कमान थकली होती आणि तिनं स्वतःसाठी नवी मागितली. चाळिशीची बाई, शाळेत खेळाच्या बाई, पण मागताना अजून लहान मुलीसारखी मागते: "तुम्हा दोघांच्या हातची, काका. बाजारातली नको." त्याच धामणीचा शेवटचा दांडा माझ्या माळ्यावर वीस वर्षं वाळत होता, तो काढला. आपण महिनाभर त्याच्यावर बसलो. तुला दोर दोन दमात ओढावा लागायचा, मला दहा पावलांवरनं धूसर दिसायचं. पण कमान अशी उतरली की दोघांनी तिच्यावर आळीपाळीनं हात फिरवला. आणि मग तू तोंड उघडलंस.

"मिस्त्री, ही शेवटची. हिला तरी वर दोन सूत सोड. तुझ्या हातानं."

"न्हाई."

"मी मागतोय."

"मागून लाकूड वाकडं होत न्हाई."

तू हात पुढं केलास, कमान दातात धरायला. मी दिली नाही. म्हटलं, "जा, कानात औषध घाल आधी. आणि दातात बी." तू हसला नाहीस. काठी घेतलीस आणि गेलास. बोळाच्या वळणावर थांबून मागं बघितलंस. मी मुद्दाम रंध्याकडं बघत राहिलो.

पहाटे तुझ्या घरातून रडणं ऐकू आलं.

लोक म्हणतात, वाईट वाटून घेऊ नको, झोपेत गेला, सुखानं गेला. मी वाईट वाटून घेत नाही. मला राग आलाय. एक दिवस थांबला असतास तर तुझं काय बिघडत होतं? दुसऱ्या दिवशी तू परत आला असतास, मी परत नाही म्हणालो असतो, यात काय अवघड होतं? वीस वर्षं जमलं तेच.

कबरीत अंगावर थेट माती पडू नये म्हणून वर फळ्या आडव्या टाकतात, त्या मी कापल्या. तुझा जावई म्हणाला, "काका, तुम्ही बसा, तयार मिळतात." मी म्हटलं, ह्याच्या अंगावर तयार माल चालायचा न्हाई, उठून भांडायला येईल. लिंबाच्या फळ्या, सगळ्या एका मापाच्या. तिथं मात्र एक सुतही कमी-जास्त केलं नाही. तू बोलू शकत नव्हतास म्हणून माझं चाललं. मग तीन मुठी माती टाकली. तिसरी मूठ बराच वेळ उघडेना. बोटं आखडतात आता, वय झालं.

दहा-बारा दिवसांनी शबाना आली. हातात तुझा तो पत्र्याचा डबा, ज्यात तू दोऱ्याची रिळं आणि मेणाचे गोळे ठेवायचास. म्हणाली, "काका, नव्या कमानीचा दोरा अब्बांनी वळून ठेवलाय. तुम्हीच चढवा." डबा उघडला. वर दोरा, खाली मेण, आणि तळाशी चिंधीत बांधलेलं काहीतरी. सोडलं, तर कंदिलाच्या काचेचा तुकडा. नुकत्याच पाजवलेल्या विळ्याएवढी धार. आणि चिंधीच्या घडीत लाकडाचा बारीक, पिवळसर कीस.

धामणीचा कीस मी अंधारात वासानं ओळखीन. पटाशीचा कीस जाड निघतो. काचेनं खरवडलं की असा केसासारखा निघतो. माझ्या हत्यारांत काच नाही.

"शबाना, तुझी जुनी कमान कुठंय?"

"गाडीत."

"आण."

तिनं आणली. मी पट्टी काढली आणि हातात धरून उभा राहिलो. साठ वर्षांत कधी केलं नव्हतं ते करायचं होतं. बापाचा चेहरा डोळ्यासमोर आला, त्याला म्हटलं, तू जरा तिकडं बघ. वर माप घेतलं, खाली घेतलं. परत घेतलं. वर दोन सूत जास्त.

म्हटलं, एक असेल. तुझ्या घरी दुरुस्तीला आलेली आणखी एक कमान होती, ती मागवली. दोन सूत. वरच्या हाताच्या आतल्या अंगाला हात फिरवला तर मुठीपासून टोकापर्यंत काचेचं काम, इतकं गुळगुळीत की माझ्या डोळ्याला कधी दिसलं नाही.

मौल्या! वीस वर्षं! मी सारखं माप काढून कमान तुझ्या हातात द्यायची, आणि तू दोरा चढवायच्या नावाखाली घरी नेऊन, दार लावून, काच घेऊन बसायचास! पोरं स्पर्धेतनं पेढे घेऊन यायची, माझ्या पाया पडायची, म्हणायची, मिस्त्रीकाका, तुमची कमान हातात हलत नाही. मी मिशीला पीळ द्यायचो. तू शेजारीच बसून पेढा खायचास. एकदाही तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. वर म्हणायचास, "मग? मिस्त्रीचं माप हाय."

शबाना मधेच हसली. मी तिच्यावर डाफरलो. "तुला ठाऊक होतं?"

"घरात सगळ्यांना ठाऊक होतं, काका. अब्बा म्हणायचे, त्याला सांगू नका, त्याला त्रास होतो."

त्याला त्रास होतो! त्या दिवशी तू समोर असतास तर मी वाकसच फेकला असता. चार दिवस मी दाराला आतनं कडी घालून बसलो. बोळात यायचं बंद केलं. वाटत होतं, तुझ्या कबरीपाशी जाऊन ओरडावं. गेलोही. पण शेजारच्या कबरीवर एक बाई फुलं वाहत होती, म्हणून ओरडलो नाही. नुसता उभा राहिलो आणि आलो. तुझी माती अजून ओली काळी दिसते, एवढं बघितलं.

रागाच्या त्या चार दिवसांत मला दुसरंही आठवत होतं, आणि तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील मिस्त्री एकच बाजू मापतो. यमुना गेली तेव्हा दीड वर्ष ती एकाच गादीवर पडून होती. ती गेल्यावर त्या गादीकडं बघवेना आणि टाकवेना. तिसऱ्या दिवशी तू आलास, काही न विचारता गादी खांद्यावर टाकलीस आणि नेलीस. आढ्यावरचं पिंजण खाली काढलंस. दिवसभर बोळात तो आवाज, जो कितीतरी वर्षांत कुणी ऐकला नव्हता. तिचाच कापूस, पण मोकळा केलेला, हलका. संध्याकाळी गादी आणून खाटेवर टाकलीस आणि म्हणालास, "झोप आता." आभार मानायची रीत आपल्यात नव्हती. त्याच गादीवर मी अजून झोपतो.

असा माणूस माझ्या कमानी चोरून खरवडत होता. आता याला काय म्हणावं?

पाचव्या दिवशी डोकं थंड झालं आणि मला एक गोष्ट कळली. शबानाची नवी कमान तुझ्या घरी गेलेलीच नाही. म्हणजे तिला तुझी काच लागलेली नाही. वीस वर्षांत ही एकच कमान पुरती माझ्या मापाची. म्हटलं, बरं झालं. आता बघू खरं कुणाचं. तू नाहीस, तुझी काच माझ्या ताब्यात, मधे कुणी नाही.

शेवटचं माप काढायचं राहिलं होतं, त्याला पंधरा दिवस लावले. दोर ओढायला कुणी नव्हतं, तर दोर ओढून दगडाला बांधायचो, दहा पावलं मागं जायचो, बघायचो, परत यायचो, सोडायचो. शबानाचा नवरा म्हणाला, "काका, तशीच ठेवा ना. काचेच्या पेटीत लावू, अब्बांची आठवण." मी म्हटलं, भिंतीवरची कमान म्हंजे वाळलेलं लाकूड. तुझ्या सासऱ्यानं ती जळणातनं वाचवली, ती काय खिळ्याला टांगायला? जोवर तिच्यातनं तीर सुटत नाही तोवर ती कुणाचीच नाही. शेवटी माप आलं. वर जेवढं, खाली तेवढं. बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीच्या रेघेचाही फरक नाही. इतकं नेमकं काम मी तरुणपणीही केलं नव्हतं.

परवा शबानाला फोन करून बोलावलं. नदीकडच्या माळावर कडब्याची गंजी आहे, तिला गोणपाट बांधलं. ती उभी राहिली. सहा तीर मारले. सहाच्या सहा गोणपाटात. मी म्हटलं, बघितलंस का मौला!

"छान आहे, काका," ती म्हणाली.

पण छान हा शब्द तिनं तुझ्यासारखा उच्चारला. पेढा खाताना तू म्हणायचास ना, मिस्त्रीचं माप, तसा. मी तिच्या तोंडाकडं न बघता हाताकडं बघितलं. कमान खाली टेकवून ती डाव्या हाताचं मनगट अंगठ्यानं दाबत होती.

"खरं सांग. माझी शप्पथ."

"तीर जातोय, काका. नेम माझा आहे, जाणारच."

"आणि कमान?"

तिनं मनगट सोडलं. मग म्हणाली, "सोडल्यावर हातात लाथ मारते. खालचा हात मागं राहतो."

खालचा मागं राहतो. हेच शब्द, मौला. तुझेच. ती कॉलेजच्या सुट्टीत तुझ्या शेजारी बसून ऐकायची ते म्हणून बोलली असेल असं मी स्वतःला सांगितलं. मग म्हटलं, दे इकडं. सत्तरी उलटलेला माणूस, पण एक तीर मीही मारला. आयुष्यात पहिला. लोकांना इतक्या कमानी करून दिल्या, पण स्वतः कधी तीर सोडला नव्हता. तू विचारलं होतंस ना, तुझा बाप तीर मारत होता व्हय? न्हाई. आणि मी बी न्हाई.

तीर कुठं गेला ते सोड. मनगट अजून ठणकतंय.

झाडाला टांगली की कमान खुंटीवर मधोमध बसते. माणसाच्या हातात ती मधोमध बसत नाही. पंजा मुठीला खालून रेटतो, तीर त्याच्या वरून जातो, बोटं दोरीला मध्याच्या वर ओढतात. हे कुणीही एक तीर मारला की कळतं. मला वीस वर्षं लागली, कारण मी फक्त बघत होतो.

आता खूष होऊ नको. मी हरलो असं कुठंही लिहिलेलं नाही. माझं माप चूक नव्हतं. माप जिथं लावायला पाहिजे होतं तिथं लावत नव्हतो, एवढंच. आणि तुझंही चूकच. चोरून केलंस. समोर कमान हातात देऊन "मार एक तीर" म्हणाला असतास तर मला पहिल्याच वर्षी कळलं असतं. तू मला आंधळा म्हणालास, पण डोळे उघडायची वेळ आली की स्वतःच गुपचूप काम उरकायचास. त्याला त्रास होतो म्हणे. मला त्रास द्यायला काय झालं होतं तुला? सोसला असता मी. तेवढा मी मजबूत होतो.

शबानाला घरी पाठवलं. काल सकाळी कमान घेऊन ओट्यावर बसलो, तू बसायचास त्या बाजूला. तिथं ऊन आधी येतं, हेही मला आत्ता कळलं. डब्यातली काच काढली. खालच्या हाताला लाकूड परत चिकटवता येत नाही, पण वरच्याचं काढता येतं. पटाशी धरायची सवय असलेल्या बोटाला काच नीट धरवेना, दोनदा कापलं. तू कशी धरायचास कोण जाणे. अंगठा आत ठेवून असेल. हळूहळू केसासारखा कीस निघायला लागला. थोडं खरवडायचं, दोर ओढायचा, पट्टी लावायची. अर्धं सूत. एक. दीड. कमान जरा हलकी पडली, पण शबाना फोनवर म्हणाली तिला चालेल, तिच्या खांद्यालाही वय झालंय.

दुपारपर्यंत वर दोन सूत झालं. हे मी तुझ्या सांगण्यावरून केलं नाही. मनगटाच्या सांगण्यावरून केलं. लिहून ठेवतो.

तुझा दोरा चढवला. मेण लावलं. उद्या शबानाच्या हातात देताना तिला सांगणार आहे, ही तुझ्या बापाची आणि माझी, आणि हिच्यावर आमची दोघांचीही पट्टी लागलेली नाही असं समज. हिला परत कुणी मापायचं नाही. आमच्या घराची रीत आता हिच्यापासून परत सुरू.

एक राहिलं. बोळात कुणी नाही असं बघून मी कमानीचं वरचं टोक तोंडात धरलं. माझे पुढचे तीनच दात शिल्लक, त्यातला एक हलतो. डोळे मिटले आणि बोटानं दोरी छेडली. मिनिटभर तसाच बसलो. समोरच्या घरातली सून बाहेर आली, बघितलं आणि आत जाऊन हसली. हसू दे.

काय ऐकू आलं ते तुला सांगणार नाही. वीस वर्षं मी विचारत होतो तेव्हा तू सांगितलं नाहीस. आता तू विचार.